डाव्या चाकाचे आटे

आप्पांनी किल्ली जावयाच्या हातात दिली तेव्हा त्यांचा मुलगा, लेथवाला, समोरच बसला होता, चहाचा कप तोंडाशी नेलेला. तो चहा पुढे प्यायला की टाकून दिला हे त्याला नंतर आठवेना. पण जावयानं किल्ली दोन्ही हातांनी घेतली आणि घेताना मान जराशी झुकवली, हे मात्र पक्कं आठवत होतं. माणसाच्या पोटात दुखायला लागलं की नको त्या बारकाव्यांसाठी स्मरणशक्ती कशी तल्लख होते बघा.

किल्ली होती बाईसाहेबांची. बाईसाहेब म्हणजे आप्पांची गाडी. आप्पा एका बड्या हॉटेलात तीस वर्षं ड्रायव्हर होते आणि त्या तीसपैकी एकोणीस वर्षं त्यांनी ही एकच गाडी चालवली. इंग्रजी बनावटीची, लांबलचक, गडद निळी. आत अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, खऱ्या चामड्याच्या सीटा, आणि दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. आप्पा निवृत्त झाले त्याच वर्षी हॉटेलनं नव्या गाड्या घेतल्या, आणि मालकानं निरोपाच्या समारंभात घड्याळाऐवजी ही जुनी गाडीच आप्पांना देऊन टाकली. आप्पांनी ती घरी आणली, घरामागे पत्र्याची शेड बांधली, आणि सहा महिन्यांत तिला लाकडी ठोकळ्यांवर चढवून वर ताडपत्री टाकली. ‘पेट्रोल फार पिते,’ एवढंच कारण सांगितलं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती.

बावीस वर्षांत लेथवाल्यानं ती किल्ली किती वेळा मागितली असेल? पहिली काही वर्षं दर महिन्याला, मग दर वर्षाला, मग मागणंच सोडलं. घराच्या पुढच्या अंगाला त्याचं लेथचं, म्हणजे लोखंड कातून सुटे भाग करायचं दुकान. पंपाचा दांडा तुटो, गिरणीचा बोल्ट झिजो, लोक त्याच्याकडेच धावत यायचे. हातात कसब होतं आणि ते त्याला स्वतःलाही माहीत होतं, जरा जास्तच. अशा माणसाच्या घरामागे तशी गाडी गंजत पडते आणि त्याचा बाप त्याला ताडपत्रीला हात लावू देत नाही, म्हणजे काय?

आणि आता ती किल्ली गेली कोणाकडे, तर मास्तरांकडे. मास्तर म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे. भला माणूस, शंकाच नाही. पण भिंतीत खिळा ठोकायचा असला की बायकोला हाक मारणारा माणूस!

झालं होतं असं, की आप्पांची नजर उतरत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, कडेचं दिसणं गेलंच आहे, उरलेलंही वर्षभरात मंदावेल. आप्पा घरी आले आणि रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले, “बाईसाहेबांना एकदा चालू करून बाहेर काढायचंय. दिसतंय तोवर उजेडात बघायचंय मला तिला.” लेथवाल्यानं हात पुढे करायला कप खाली ठेवायचा अवकाश, तेवढ्यात आप्पांनी मान वळवली. “मास्तर, तुम्हाला रविवारी सुट्टी असते ना?”

तेव्हापासून दर रविवारी शेडचं दार उघडायला लागलं आणि लेथवाला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहायला लागला.

“अहो, जाऊन बसा ना त्यांच्यात,” बायको म्हणाली. “इथं उभं राहून खिडकीची जाळी झिजवताय.”

“मला कुणी बोलावलंय का?”

“बोलवायला पाहुणे आहात?”

बायकोला काय सांगायचं, की छेचाळिसाव्या वर्षी आपल्याला आपल्या मेहुण्याचा हेवा वाटतोय? हेवा वाटत होता, साधा, सरळ, लहान पोराला वाटतो तसा.

काम तरी कसं चाललं होतं! पहिल्या रविवारी दोघांनी मिळून इंजिनाचे प्लग काढले आणि प्रत्येक भोकात थोडं थोडं तेल सोडलं. बस्स. संपला रविवार. बावीस वर्षं निपचित पडलेलं इंजिन एकदम फिरवलं तर आतून खरवडून निघतं, हे लेथवाल्यालाही माहीत होतं, पण म्हणून आठ दिवस? दुसऱ्या रविवारी आप्पांनी मास्तरांना पुढची पुली हातानं फिरवायला लावली. इंजिन बोटभर हललं, तर दोघांनी असा जल्लोष केला की शेजारचा माणूस गच्चीवर आला. तिसऱ्या रविवारी मागच्या सीटमध्ये उंदराचं घरटं निघालं. पेट्रोलच्या टाकीतून निघाला लाखेसारखा चिकट थर.

“आप्पा, म्हणजे पेट्रोलसुद्धा शिळं होतं?” मास्तरांनी विचारलं.

“मग! दूध नासतं, पेट्रोल का नासणार नाही?”

मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. हो, वही होती. भूगोलाची, शंभर पानी, आणि तिच्यात आप्पा बोलतील ते सगळं आकृत्यांसह उतरवून घेतलं जात होतं. आणि आप्पा बोलत होते! जेवताना ‘हं’ आणि ‘पुरे’ या पलीकडे न जाणारे आप्पा, शेडमध्ये स्टुलावर बसून तास तास बोलायचे. कुठल्या चढावर कुठला गिअर टाकायचो, थंडीत पहिल्यांदा चोक किती ओढायचा, चामड्याला कसलं मलम चोळायचं. मधूनच हसायचे. आई गेल्यापासून त्यांचं असं हसणं लेथवाल्यानं ऐकलं नव्हतं. आपल्या घरात आपल्या बापाला हा बाहेरचा माणूस हसवतो!

एकदा जेवताना त्यानं विषय काढलाच. “आप्पा, मी चार दिवस दुकान बंद ठेवतो. चार दिवसांत गाडी चालू करून देतो.”

आप्पांनी पाण्याचा ग्लास चाचपून उचलला. “नको. चाललंय आमचं.”

‘आमचं’ हा शब्द लेथवाल्याला पुढचे कितीतरी दिवस टोचत राहिला.

मग आला चाकांचा रविवार. ब्रेकचे पाइप फुगून गेले होते, ते बदलायचे तर चाकं काढायला हवीत. आदल्या रविवारी उजव्या बाजूची दोन्ही चाकं सुखरूप निघाली होती. आता डावी बाजू. नेमकी आप्पांची डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली. थेंब घातले की पंधरा मिनिटं डोळे मिटून पडायचं, असा दंडक होता. ते आपल्या खोलीत जाऊन आडवे झाले. खोलीची खिडकी शेडकडेच उघडायची. “मास्तर, तोवर तुम्ही सुरुवात करा,” असं ते जाता जाता म्हणाले.

लेथवाला तेव्हा शेडच्या दाराशी आला होता. कशाला? जुना फडका शोधायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. मास्तर डाव्या चाकाशी उकिडवे बसले होते. नटाला पाना लावला होता, पान्याला हातभर लांब पाइप अडकवला होता, आणि घामाघूम होऊन ते तो पाइप ढकलत होते.

चूक कुठं होत होती हे लेथवाल्याला एका नजरेत कळलं. या गाडीच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. चाक फिरता फिरता नट आपोआप सैल होऊ नये म्हणून बनवणाऱ्यांनीच केलेली ती व्यवस्था. उजवीकडचा नट सगळ्या जगाच्या नटांसारखा सुटतो, डावीकडचा बरोबर उलट. मास्तर जिवाच्या आकांतानं नट सोडवत नव्हते, आवळत होते.

“दादा,” मास्तरांनी वर पाहिलं. बायकोचं बघून तेही त्याला दादाच म्हणायचे. “फारच घट्ट बसलंय हो. आणखी जोर लावू का?”

सांगायला तीन शब्द पुरे होते. उलटं फिरवा, मास्तर. लेथवाल्याच्या जिभेवर आलेही ते. पण त्याच वेळी त्याची नजर स्टुलावर गेली. तिथं ती वही उघडी पडली होती आणि पानाच्या डोक्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘आप्पांची आणि माझी गाडी’.

“लावा,” लेथवाला म्हणाला.

मास्तरांनी सगळं वजन टाकलं. काडकन आवाज झाला आणि नटासकट बोल्टचा तुकडा जमिनीवर घरंगळत गेला. मास्तर बिचारे गोंधळले. गंजला असेल, असं पुटपुटत त्यांनी पाना दुसऱ्या नटाला लावला. लेथवाला तेव्हाही मूग गिळून उभा राहिला. दुसरा बोल्टही तुटला.

आप्पा भिंत धरत धरत आले. तुटलेले तुकडे त्यांनी हातात घेऊन बोटांनी चाचपले. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता.

“माझी चूक आप्पा. मी विचारायला हवं होतं.”

“तुमची नाही, माझी. डावीकडचे आटे उलटे असतात हे सांगायचं माझ्याकडून राहिलं.” मग आप्पांनी चेहरा दाराकडे वळवला, लेथवाला उभा होता नेमका तिकडे. “हे बोल्ट आता बाजारात मिळायचे नाहीत.”

“मी करतो,” लेथवाला म्हणाला. “आजच करतो.”

आणि इथं त्याची एक गोष्ट सांगायलाच हवी, त्याला आवडली नाही तरी. दुकानाकडे जाताना त्याला लाज वाटत होती हे खरं, पण लाजेच्या दुप्पट आनंद होत होता. आता माझ्यावाचून अडलं ना? घ्या म्हणावं वहीत लिहून! त्यानं उत्तम पोलादाचा गज निवडला, लेथच्या फिरत्या जबड्यात, म्हणजे चकमध्ये धरला, आणि जेवायलाही न उठता दोन बोल्ट उतरवले. असे चकचकीत की दागिन्याच्या डबीत ठेवावेत. संध्याकाळी मास्तर घरी जायला निघाले होते, त्यांना मुद्दाम थांबवलं आणि सगळ्यांच्या देखत बोल्ट आप्पांच्या तळहातावर ठेवले.

आप्पांनी खिशातून जुना नट काढला आणि बोल्टावर चढवायला गेले. एकीकडे फिरवला, दुसरीकडे फिरवला. नट जागेवर गोल गोल फिरत राहिला, आट्यात शिरेना. दुसऱ्या बोल्टाचंही तेच.

“अरे,” आप्पा हळूच म्हणाले, “हे सरळ आहेत.”

लेथवाल्यानं बोल्ट हिसकावून घेतला आणि दिव्याखाली धरला. सरळच होते. पंचवीस वर्षं हाताला एकच सवय होती, आटे कापणारं टूल चककडे सरकवत न्यायचं. उलटे आटे पाडताना ते चकपासून दूर न्यावं लागतं, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण मन त्या ‘घ्या म्हणावं’मध्ये इतकं गुंतलं होतं, की हातांनी आपलं नेहमीचं काम करून टाकलं होतं. ज्या चुकीला तो सकाळी मनात हसला, तीच त्यानं दिवसभर खपून, निगुतीनं, दोनदा केली होती.

“होतं असं, दादा,” मास्तर म्हणाले. ते खरोखर मनापासून म्हणाले, आणि त्यामुळे लेथवाल्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारात काठीचा आवाज आला. आप्पा होते. घराच्या पुढच्या अंगाला दुकान, पण आप्पांचं पाऊल तिथं कित्येक वर्षांत पडलं नव्हतं.

“मला उभं राहायला जागा आहे का तुझ्या इथं?”

लेथवाल्यानं स्टूल पुसून पुढे केलं. गज चकमध्ये धरला होता, पण मशीन सुरू करायला त्याचा हात धजेना. “आप्पा, बसा इथं जवळ,” तो म्हणाला. “थोडे आटे पडले की मी थांबेन, तुम्ही नट लावून बघायचा. आज माझा माझ्यावर भरवसा नाही.”

आप्पा सरकून बसले. मशीन हळू फिरू लागलं. टूल या वेळी चकपासून दूर निघालं. चार आटे पडले, मशीन थांबलं, आप्पांनी बोटांनी जागा शोधून नट टेकवला आणि उलट्या बाजूनं फिरवला. नट धरला गेला.

“तुला आठवतं,” आप्पा नटाशी चाळा करत म्हणाले, “गाडी घरी आणल्यावर काही महिन्यांनी तिचा कार्बोरेटर तुंबला होता?”

“आठवतं की. मीच साफ केला होता. आणि त्याच आठवड्यात तुम्ही ताडपत्री टाकलीत. मी हात लावला म्हणून रागावला होतात.”

“रागावलो नव्हतो. मी पान्यांचा डबा घेऊन तुझ्या शेजारी बसलो होतो. मला वाटलं, पोराला आता सगळं दाखवू. तू म्हणालास, आप्पा, बाजूला व्हा, उजेड अडतोय.”

लेथवाल्याला हे काही आठवत नव्हतं. “अडत असेल उजेड,” तो कसाबसा म्हणाला.

“अडतच असेल. दुपारपर्यंत तू गाडी सुरू केलीस. एकोणीस वर्षं तिच्यात बसून मला जे कळलं नव्हतं, ते तुला अर्ध्या दिवसात कळलं. सगळी गल्ली तुझी पाठ थोपटत होती. मी डबा घेऊन आत गेलो.” आप्पांनी नट काढून घेतला. “मला हेवा वाटला तुझा. पोटच्या पोराचा. पेट्रोल पिते म्हणून सगळ्यांना सांगितलं, ते खोटं होतं. गाडी सुरू राहिली असती तर ती तुझी झाली असती, एवढंच होतं ते.”

लेथवाला मशीनच्या कडेला टेकला. बावीस वर्षं तो समजत होता की बापाला आपली किंमत नाही. किंमत इतकी होती की बापाला ती सोसली नव्हती. त्याला रडूही आलं आणि रागही आला, आणि दोन्हींपैकी कुठलं आधी बाहेर काढावं हे कळेना. मग त्यानं तिसरंच बोलून टाकलं.

“आप्पा, काल मास्तरांनी मला विचारलं होतं. मला माहीत होतं. तरी मी लावा म्हणालो.”

“ऐकलं मी. औषध डोळ्यांत घातलं होतं, कानांत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? डोळे आईचे घेतलेस, हात तुझे तुझे. हे एवढंच माझं घेतलंस.” आप्पांनी बोल्ट पुन्हा चाचपला. “पाड पुढचे आटे. आणि मास्तरांना तू सांग, मी नाही सांगणार.”

त्यानं सांगितलं. मास्तर ऐकून हसतील आणि विषय संपेल, अशी त्याची मनातली सोय होती, पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली आणि पुढच्या रविवारी ते आले नाहीत. तो रविवार लेथवाल्याला फार लांबला. त्याच्या पुढच्या रविवारी आले, ते थेट शेडमध्ये न जाता दुकानाच्या दारात थांबले. “दादा, ते आटे उलटे पाडतात कसे, दाखवता का? वहीत ते पान कोरं राहिलंय.”

लेथवाल्यानं दाखवलं. दोनदा दाखवलं, आणि मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दात ओठ न खाता तिसऱ्यांदाही दाखवलं.

गाडी बाहेर काढायचा दिवस उजाडला तेव्हा ऊन स्वच्छ होतं. टायर नवे, चामडं मलम पिऊन मऊ झालेलं, डॅशबोर्डच्या लाकडातल्या रेषा पुन्हा दिसत होत्या. बहीण आणि बायको फाटकाशी उभ्या होत्या. लेथवाल्यानं सकाळी ब्रश घेऊन नखांतला काळा मळ घासून काढला होता. कशासाठी, ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. पण आता सगळं बोलून झालं होतं, बाप-लेकांत काही उरलं नव्हतं. किल्ली आज आपल्याकडे येणार असं त्याला वाटत होतं.

आप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चेहरा जवळ नेऊन एकेक भाग पाहिला. मग मास्तर दर रविवारी जाताना परत देऊन जात ती किल्ली खिशातून काढली. “मास्तर, तुम्ही बसा पुढे. एक रविवार सोडला तर दर रविवारी तुम्ही आलात.” आणि स्वतः मागचं दार उघडून आत शिरले. “मी मागं बसतो. इतकी वर्षं चालवली, पण मागची सीट कशी असते ते मला माहीतच नाही. ये रे तू, माझ्याजवळ.”

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती गेली. लेथवाला आत बसला आणि दार लावलं, तिजोरी बंद झाली. मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि तिसऱ्यांदा इतक्या हळू आवाजात सुरू झालं की बहिणीनं फाटकातून विचारलं, “झाली का सुरू?”

झाली होती. पण पुढे सरकेना. हँडब्रेक डॅशबोर्डखाली होता, छत्रीच्या मुठीसारखा, आणि मास्तर तो दोन्ही हातांनी ओढत होते. त्यांचे कान लाल झाले होते. लेथवाल्याला मागून सगळं दिसत होतं. ती मूठ आधी पिळायची असते, हे त्याला माहीत होतं. बाजूला व्हा, हे दोन शब्द त्याच्या ओठांशी येऊन थांबले होते.

मास्तरांनी मान वळवली. “दादा, सुटत नाहीये हो. जोर लावू का?”

आप्पांनी चेहरा आपल्याकडे वळवलेला लेथवाल्याला जाणवला.

“नको,” लेथवाला म्हणाला. “आप्पांना विचारा.”

आप्पा पुढे वाकले. वाकताना आधारासाठी त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ओढू नका मास्तर. आधी पिळा, मग हळूच आत सोडा. हां, असं.” गाडी हलली आणि शेडमधून उन्हात आली. लेथवाल्याच्या पोटात अजून दुखतच होतं. फाटक मागे पडलं, गल्लीचं वळणही मागे पडलं, तरी आप्पांनी गुडघ्यावरचा हात काढला नव्हता.